मुद्देमालाच्या खोलीचं सील

माझ्या नवऱ्याने चाकूने कुलपावरची लाख उकरली. फडकं सुटेना तेव्हा दाताने ओढलं. कुलूप निघालं, पण दार आत ढकललं तर अर्धंच उघडलं, कारण ती दाराला लागूनच पडली होती. मी अंग तिरकं करून आत शिरले. तिचं तोंड उंबऱ्यापाशी होतं. तिथे दाराखाली बोटभर फट होती. जमिनीला गाल लावून तिने त्या फटीतून वारा घेतला असणार. चोळी पुढून दुधाने भिजून पुन्हा वाळली होती, कडक झाली होती. तिची सात-आठ महिन्यांची पोरगी माझ्या कडेवर होती. पोरीने आई ओळखली आणि तिच्याकडे अंग टाकलं.

"पाणी मारा तोंडावर," फौजदार बाहेरून म्हणाले.

नवऱ्याने तांब्या ओतला. पाणी नाकातोंडात गेलं. तिला ठसका लागला नाही.

"मेली," मी म्हणाले.

"मेली नाही," फौजदार म्हणाले. "दवाखान्यात नेताना मरेल. जीप लावा."

मग ते खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी ठाण्याची डायरी पुढे ओढली. घड्याळात सहाला दहा कमी होते.

माझा नवरा त्या ठाण्यात हवालदार होता. गावाचं नाव लिहीत नाही. जालना जिल्हा नवा होता, औरंगाबादेतून फुटून चार-पाच वर्षंच झाली होती. ठाण्याच्या मागे आमची लाइन होती, सहा खोल्या, वर पत्रे. मुद्देमालाची चावी माझ्या नवऱ्याकडे असे. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू. चोरीच्या सायकली, कुऱ्हाडी, हातभट्टीचे डबे, रक्ताच्या कपड्यांची गाठोडी. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. खटला संपेपर्यंत ते सगळं एका खोलीत पडून असे. खोली दगडी, वर पत्रा, खिडकी नाही, वर हातभर झरोका. आतला वास मला अजून आठवतो. गंज, उंदीर आणि दारू.

त्या काळी ठाण्यात बाई पोलीस नव्हती. बाई आरोपी आली की तिची झडती घ्यायला आणि तिच्याजवळ बसायला लाइनीतल्या बायकांपैकी कोणाला तरी बोलावत. हळूहळू ते काम माझ्याकडेच आलं. मी चौथी शिकलेली होते, जबाबावर सही करता येत होती, अंगठ्यापेक्षा सही बरी दिसते. पहिल्या वेळी मी विचारलं होतं, "झडतीत काय बघायचं?" जमादार हसले. "बायका कुठं काय लपवतात ते तुम्हालाच जास्ती ठाऊक वहिनी." एवढंच माझं शिक्षण. कोणाला मारायचं नाही, कोणाला उपाशी ठेवायचं नाही, हेही कोणी सांगितलं नाही. मी आपल्या अकलेने करत होते.

नवऱ्याला भरतीच्या वेळी ट्रेनिंग झालं होतं. कवायत, बंदूक, सलाम, कागद कसा लिहायचा. पुढे एकदा मी त्याला विचारलं, माणूस कोंडला तर त्याला पाणी द्यायचं हे त्यात होतं का? तो म्हणाला, "ते काय शिकवायचं असतं का?"

मला वाटतं, शिकवायला पाहिजे होतं.

वर्षातून एकदा मोठ्या साहेबांची तपासणी असे. साहेब येणार म्हटलं की पंधरा दिवस ठाण्यात गुन्ह्याचं काम बंद. रस्त्याकडेचे दगड एक गेरूने, एक चुन्याने रंगवायचे. पट्ट्याचं पितळ चिंचेने घासायचं. वर्षभर न भरलेल्या वह्या रात्रंदिवस बसून भरायच्या, शाई वेगवेगळी वापरायची, म्हणजे एका दिवसात लिहिल्यासारखं दिसू नये. लाइनीतल्या बायकांनी स्वयंपाक करायचा. मी वीस माणसांचं करत असे.

आणि मुद्देमालाच्या खोलीचं एक होतं. तपासणीच्या आधी तिथल्या वस्तू वहीशी ताडून बघायच्या आणि मग कुलपावर फडकं बांधून लाखेचं सील मारायचं. लाखेवर ठाण्याचा पितळी शिक्का दाबायचा. सील बघितलं की साहेब समजत, आत सगळं बराबर आहे. ते खोली उघडायला लावत नसत. वीस वर्षांची रीत होती म्हणे. त्यामुळे झालं असं, की साहेबांना दाखवायचं नाही ते सगळं तपासणीच्या दिवशी त्या खोलीत जाऊ लागलं. मोडक्या खुर्च्या. बुरशी आलेली सतरंजी. एका वर्षी तर पिऊन आलेला एक शिपाईच आत टाकला होता आणि वर सील मारलं होतं. तो आत घोरायला लागला म्हणून बाहेर मोठ्याने रेडिओ लावला. साहेब गेल्यावर त्याला काढला, तर उठून विचारतो, "तपासणी कधी हाये?" त्याच्यावर लाइनीत वर्षभर हसणं झालं. मीही हसले.

पण ते पौषात झालं होतं.

या वर्षी तपासणी वैशाखात आली.

ती बाई सकाळी सहाच्या सुमाराला आली. टेंभुर्णीच्या बाजूला विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या आणि त्यात तिच्या नवऱ्याचं नाव होतं. तो सापडत नव्हता. मग बायको उचलायची. बायको उचलली की नवरा आपल्या पायाने हजर होतो, हेही एक ठाण्याचं शहाणपण. तिच्यावर गुन्हा नव्हता, म्हणून डायरीत तिची नोंद नव्हती. ती ठाण्यात होती आणि कागदावर नव्हती.

मी झडती घेतली. कमरेला एक पिशवी, त्यात सुपारीचं खांड आणि पोरीची काळ्या मण्यांची मनगटी. ती काळीसावळी, हाडापेराने मजबूत, दगड फोडायच्या कामावर जाणारी. माझ्या ओट्यावर बसून तिने पोरीला पाजलं. मी परातीत पोळ्यांचं पीठ घेतलं होतं. तिने बघितलं आणि म्हणाली, "इतकं पीठ एकटी मळता का वो बाई? आणा इकडं."

"तू बस. तुला कोंडायला आणलंय."

"मंग कोंडेपर्यंत मळते की."

तिने पोरगी माझ्या पोराशेजारी निजवली. माझा धाकटाही तेव्हा दहा महिन्यांचा होता. तिने सगळं पीठ मळलं. माझ्यापेक्षा चांगलं मळलं, हे खरं आहे. मळता मळता बोलत होती.

"खरं सांगते बाई, मोटारी त्यानंच चोरल्या. मला ठाव हाये. पण मी न्हाई सांगणार."

"मला तर सांगितलं."

"तुम्ही कुठं पोलीस हाये? तुम्ही तर भाकरी करून राह्यल्या." आणि हसली. पुढचा एक दात अर्धा होता.

साडेआठला बिनतारी यंत्रावर निरोप आला. साहेब दहाला येणार होते ते जल्दी निघाले, नऊपर्यंत पोचतील. ठाण्यात पळापळ झाली. फौजदार पुण्याकडचे होते, नवे होते, ही त्यांची या ठाण्यातली पहिली तपासणी. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांना साहेबांच्या स्वागताला हद्दीपर्यंत जायचं होतं.

"या बाईचं काय?" त्यांनी विचारलं.

"कोठडीत टाकावं तर नोंद लागते साहेब," जमादार म्हणाले. "घरी सोडावं तर नवरा हातचा जातो. मुद्देमालात बसवू. दोन घंट्यांचा प्रश्न हाये."

"आणि मूल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

हे मी स्पष्ट लिहिते. पोरगी रडली तर आवाज बाहेर येईल, म्हणून पोरगी आईपासून काढली. ती मी काढली. कोणी माझ्या हाताला धरून काढायला लावली नाही. मी तिला म्हटलं, "दोन घंटे. मी पाजते तिला." तिने पोरगी माझ्या हातात दिली. तिचा माझ्यावर विश्वास होता, कारण मी भाकरी करत होते.

ती स्वतःच्या पायाने आत गेली. सायकलींच्या मधे जागा करून बसली. माझ्या नवऱ्याने कुलूप लावलं, फडकं बांधलं, लाख तापवली. फौजदारांनी खिशातून शिक्का काढून दाबला, पुन्हा खिशात टाकला आणि जीपमध्ये बसून हद्दीवर गेले.

साहेब नऊला आले नाहीत. दहाला आले नाहीत. वाटेत कुठल्या तरी कारखान्यावर थांबले, तिथे त्यांना जेवायचा आग्रह झाला, असं नंतर कळलं. फौजदार हद्दीवर झाडाखाली उभे.

साडेदहाच्या पुढे आतून दार वाजू लागलं. आधी हळू, मग हाताच्या तळव्याने. मी ठाण्याच्या मागच्या बाजूने गेले. नवरा तिथे नवीन गणवेश घालून उभा होता.

"अहो, ती पाणी मागून राह्यली."

"ऐकू येतं मला."

"मंग उघडा की."

"सील हाये."

"फोडा. परत लावा."

"शिक्का फौजदारसाहेबाच्या खिशात हाये. कशानं लावू, अंगठ्यानं?" तो हळू आवाजात चिडला. "सील फोडलं तर डायरीत लिहावं लागतं, कशापायी फोडलं. काय लिहू? आत बाई हाये लिहू? कोणती बाई? तिची नोंद कुठं हाये?"

"काही लिहू नका. नुसतं फोडा."

"अन् साहेब आला तर? कुलूप उघडं बघून खोली उघडायला लावील. मंग बाई पण दिसल अन् माझी नोकरी पण दिसल तुला, जाताना."

मी तांब्या घेऊन झरोक्याखाली गेले. हात पोचेना. स्टूल आणलं तरी पोचेना. लुगड्याचं फडकं भिजवून वर फेकलं, ते दोनदा खाली पडलं, तिसऱ्यांदा आत गेलं. "चोख ते," मी ओरडले. आतून काही तरी म्हणाली, कळलं नाही. जमादार धावत आले. "वहिनी, काय लावलंय? आता कोणत्याही घडीला गाडी येईल." मी स्टूल उचललं आणि घरी आले, कारण चुलीवर वरण होतं.

पोरगी भुकेली झाली. मी तिला माझ्या अंगावर पाजलं. एका बाजूला माझं पोर, एका बाजूला ती. आमच्या शेजारणीने बघून नाक मुरडलं. "कोणाचं बी लेकरू अंगाला लावता का?" मी म्हटलं, "भूक कोणाची बी सारखीच असती." बाहेर दार वाजत होतं. बारा वाजेपर्यंत वाजत होतं. पत्र्याखाली आम्ही घरात बसलो होतो, दार उघडं, पाणी शिंपडलेलं, तरी जीव घाबरा होत होता.

साडेबारानंतर दार वाजायचं थांबलं.

मला वाटलं, झोपली. असं मी पुढे दुसऱ्या जबाबात सांगितलं. खरं असं, की मला काय वाटायचं ते मी वाटू दिलं नाही. भाकरी थापत राहिले.

साहेब तीन वाजता आले. सलाम झाला, कवायत झाली. वह्या बघितल्या. मी ताकाचे पेले घेऊन व्हरांड्यात उभी होते. साहेब मुद्देमालाच्या खोलीपाशी आले. सील हातात धरून बघितलं, थोडं ओढून बघितलं. "छान," म्हणाले. माझ्यापासून ते दार चार हातांवर होतं. ताक घेताना साहेबांनी मला बघितलं आणि फौजदारांना विचारलं, "महिला आरोपींची इथे व्यवस्था काय?"

"या बाई आहेत सर. हवालदारांच्या पत्नी. अनुभवी आहेत."

साहेब चांगल्या स्वभावाचे होते. माझ्याकडे वळून आपुलकीने बोलले. "काय बाई, काही अडचण?"

माझ्या आयुष्यात कोणी मोठ्या माणसाने मला असं पहिल्यांदाच विचारलं. मी दाराकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. तो ताठ उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"न्हाई साहेब," मी म्हणाले. "काही अडचण न्हाई."

साहेबांनी पेला परत दिला. पुस्तकात शेरा लिहिला. मुद्देमाल सीलबंद, स्थिती समाधानकारक. तो शेरा पुढे चौकशीत वाचून दाखवला म्हणून मला माहीत. मग जेवले. तिने मळलेल्या पिठाच्या पोळ्या खाल्ल्या. पावणेसहाला गाडी गेली आणि दार उघडलं.

ती तीनला जिवंत होती का, हे मी नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. मला ते अजून कळलेलं नाही.

डायरीत लिहिलं गेलं, की ती बाई संध्याकाळी सहा वाजता चौकशीसाठी आली, तिला ऊन लागलेलं होतं, चक्कर येऊन पडली, लगेच दवाखान्यात नेली, वाटेत मयत झाली. आता तिची नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा आपण होऊन ठाण्यात आला. ठाण्याचं शहाणपण खरं ठरलं. हात जोडून म्हणाला, "मी आलो. मोटारी मीच नेल्या. तिला सोडा." ठाण्यात कोणी त्याच्याशी बोलेना. एक शिपाई म्हणाला, "मागं वहिनी हायेत, त्यांच्याकडं पोरगी हाये तुझी." तो मागे आला. मी पोरीला पाजत होते. त्याने ते बघितलं आणि त्याला कळलं. खाली बसला. मग विचारलं, "बाई, पाणी पाजलं का तिला?"

"पाजलं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग शिपायांनी येऊन त्याला बेड्या घातल्या.

पंधरा दिवसांनी खात्याची चौकशी झाली. औरंगाबादहून एक अधिकारी आले. त्यांच्या आधी आठ दिवस फौजदार माझ्या घरी येऊन बसले. माझा जबाब त्यांनीच लिहून आणला होता. नवरा रोज जेवताना माझ्याकडून पाठ करून घ्यायचा. बाई किती वाजता आली? सहा वाजता. तिला काय होत होतं? चक्कर येत होती. पाणी दिलं? दिलं. चौथीच्या वर्गात पाढे म्हणत होतो तसं. अधिकाऱ्यांसमोर मी ते म्हटलं आणि सही केली. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. पोलीस पोलिसाला किती विचारणार? जाताना माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "बाई धीट आहेत."

नवरा त्या दिवशी गोड घेऊन आला. मी पेढा खाल्ला. हेही लिहिते.

मग पावसाळ्यात प्रांतसाहेबांची चौकशी लागली. कोठडीत माणूस मेला की ती वेगळी असते, पोलिसांची नसते. तिच्या माणसांनी अर्ज दिला होता. त्यांचं म्हणणं होतं, ती सकाळीच नेली होती, गावाने बघितलं.

मधल्या दिवसांत एक गोष्ट मला काही सुचू देत नव्हती. साहेबाला खोटं बोलले, ते नवऱ्याच्या नोकरीसाठी. अधिकाऱ्याला खोटं बोलले, ते पोटासाठी. पण त्या चोराला, ज्याची बायको मेली होती, ज्याला मी काहीच लागत नव्हते, त्याला का खोटं बोलले? तिथे तर मला काही मिळायचं नव्हतं. त्याला सांगितलेलं ते 'पाजलं' मिठाच्या खड्यासारखं माझ्या तोंडात राहिलं. पोरगी अजून माझ्याकडेच होती. बाप तुरुंगात, आजी आजारी. ती मला चिकटायची तेव्हा तो शब्द मला ऐकू यायचा.

प्रांतांच्या कचेरीत नवरा माझ्या मागे बसला होता. कारकुनाने पहिला जबाब वाचला.

"हा तुमचा जबाब?"

"सही माझी हाये."

"आणि मजकूर?"

"मजकूर फौजदारसाहेबाचा हाये."

मागे खुर्ची सरकली. प्रांत तरुण होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, घाई नाही. तुमचा मजकूर सांगा."

मी सकाळी सहापासून सांगितलं. पोरगी मी काढली तेही सांगितलं. सील, शिक्का, फडकं, ताक, सगळं. त्यांनी विचारलं, "तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? ते तर तुमच्यासमोर उभे होते." मी म्हटलं, "नवऱ्याची नोकरी जाईल म्हणून. आता जाईल ती."

गेली. चावी त्याच्या नावावर होती, सील त्याने बांधलं होतं. कागदावर खाली सर्वांत शेवटचं नाव त्याचं होतं आणि पाणी उतारानेच वाहतं. तो बडतर्फ झाला. फौजदारांची बढती दोन वर्षं थांबवली आणि बदली केली. जमादारांना ताकीद मिळाली. मोठ्या साहेबांना काहीच झालं नाही, कारण सील खरंच नीट होतं.

त्या दिवशी कचेरीतून येताना नवरा माझ्या पुढे दहा पावलं चालत होता. घरी आल्यावर म्हणाला, "फाशी देतात त्याला शेवटची इच्छा विचारतात. तू मला ते बी विचारलं न्हाई."

"तिला कोणी विचारलं?"

"मी काय मनानं कोंडली का तिला? हुकूम होता."

"चावी तुमच्या हातात होती."

"अन् तोंड तुला होतं. साहेबानं विचारलं तवा कुठं गेल्तं?"

तो बरोबर बोलला होता.

आम्ही लाइनीतली खोली सोडून जालन्याला आलो. त्याला एका बियाण्यांच्या गोदामावर फाटकाशी उभं राहायचं काम मिळालं. खाकीच कपडे, पण पट्टा नाही. मी डाळ मिलमध्ये निवडायला जाऊ लागले. तो मला मारत नव्हता, शिव्या देत नव्हता. घरात फक्त कामापुरतं बोलायचा. चौदा वर्षं आम्ही तसे राहिलो. शेवटच्या आजारात एकदा त्याने पाणी मागितलं. मी दिलं. पिऊन तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू फडकं फेकलं तरी. मी तेवढं बी न्हाई केलं." त्यानंतर आठ दिवसांनी गेला. आमच्यात त्या गोष्टीवर झालेलं तेवढंच शेवटचं बोलणं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मी साठीच्या पुढे गेल्यावर, एक बाई अधिकारी माझं घर शोधत आली. त्या नव्या भरतीच्या पोरींना शिकवत होत्या. जुने कागद वाचताना माझा जबाब त्यांना सापडला होता. म्हणाल्या, "आजी, या पोरींना तुम्ही सांगा. मी नियम शिकवते, त्या वहीत लिहून घेतात. वहीत लिहिलं की त्यांना वाटतं झालं." मी आधी नाही म्हटलं. मला भाषण येत नाही. त्या म्हणाल्या, भाषण नकोच आहे.

गेले. चाळीस-पन्नास पोरी पंख्याखाली बसल्या होत्या, केस आवळून बांधलेले, नवे बूट. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, सगळ्या जातींच्या. काही बौद्धवाड्यांतल्या होत्या, त्या पुढे बसल्या होत्या आणि भराभर लिहीत होत्या. मी सांगितलं तसंच, सकाळी सहापासून. बाईंनी मधे मधे नियम सांगितले. आता बाईला अंधार पडल्यावर धरत नाहीत, तिच्याजवळ बाई पोलीस लागते, आणल्या आणल्या नोंद लागते, नातेवाइकांना कळवावं लागतं. चांगलं आहे. मी म्हटलं, चांगलं आहे.

शेवटी मागच्या रांगेतली एक पोरगी उठली. रागात होती. डोळे लाल.

"आजी, तुम्ही दगड घेऊन कुलूप का न्हाई फोडलं?"

बाई अधिकारी तिला गप्प करायला लागल्या. मी म्हटलं, विचारू द्या.

"भ्याले," मी सांगितलं.

"कोणाला?"

"कोणालाच न्हाई. सील होतं."

काही पोरी हसल्या. हसण्यासारखंच होतं. लाखेचा एक गोळा, सुपारीएवढा. त्या पोरीला हसू आलं नाही. ती म्हणाली, "मी असते तर फोडलं असतं."

"फोडशील," मी म्हटलं. "आज म्हणतेस तसंच तेव्हा म्हण. तुझ्यापुढं तपासणी असल, नवऱ्याचं नाव असल, वीस माणसांचा स्वयंपाक असल. तवा म्हण."

ती खाली बसली. पटलं की नाही मला माहीत नाही. बाईंनी मला शाल दिली. ती मी परत केली. असल्या कामाची शाल घेत नसतात.

मी पाजलेली ती पोरगी माझ्याकडे अकरा महिने होती. मग तिची आजी बरी होऊन आली आणि घेऊन गेली. जाताना पोरगी रडली नाही, रस्त्यावरची गाडी बघत होती. मी तिच्यासोबत दोन झबली दिली. आजी म्हातारी होती, तिने माझे पाय धरले आणि मला ते सहन झालं नाही, मी आत निघून गेले. तिला कोणी सांगितलं नव्हतं की पोरगी कशी आली माझ्याकडे, किंवा सांगूनही तिने पाय धरले असतील.

बाप शिक्षा भोगून सुटला आणि विहिरीच्या खोदकामावर दरड अंगावर येऊन मेला. आजी त्याच्या आधीच गेली होती. पोरीला मामाने वाढवली. तिचं लग्न शहागडच्या बाजूला झालं, हमरस्त्यावर नवरा-बायको टायरचं दुकान चालवतात, हे मला तिच्याच गावच्या एका भाजीवालीने सांगितलं. मी तिला भेटायला गेले नाही. काय म्हणून जाऊ?

तिची आई त्या खोलीत मेली. फौजदार पेन्शन खातात असं ऐकते. माझा नवरा गेला. पोरगी जिवंत आहे, तिला दोन मुलं आहेत. मी जिवंत आहे.